पायावर पायली

सोमाटण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आईचा एक्स-रे उजेडात धरला आणि विचारलं, "वजन देताय ना पायावर?"

"व्हय," आई व्हीलचेअरवरून म्हणाली. "रोज देतेय की."

"वाढवताय?"

"लय वाढवलंय."

शेजारी उभ्या असलेल्या वहिनीने मान डोलावली. मीही डोलावली, कारण पुण्याहून फोनवर मी आईला हेच विचारत होते आणि हेच ऐकत होते. डॉक्टर बुचकळ्यात पडले. भातखाचराच्या बांधावरून घसरून आईच्या नडगीचं हाड मोडलं, आत रॉड घातला, त्याला कितीतरी महिने उलटले, आणि फट होती तशीच होती. ते म्हणाले, अजून थोडी वाट पाहू. नाहीच जुळलं तर कमरेच्या हाडातली मज्जा सुईने काढून त्या फटीत सोडायची, कदाचित पुन्हा ऑपरेशन.

"पुन्यांदा मी त्या टेबलावर न्हाई झोपनार," आई म्हणाली. ती पक्की हट्टी आहे. जन्मभर खाटेवर बसून राहील, पण झोपणार नाही, हे मला चांगलंच ठाऊक होतं.

माझी तर नोकरीच मज्जेवर चालते. प्रयोगशाळेत मी हाडांच्या मज्जेतल्या मूळ पेशी वाढवते. या पेशींचं अजून काही ठरलेलं नसतं. त्या हाड होतील, कूर्चा होतील, नाहीतर नुसती चरबी होतील. आम्ही त्यांना रबरासारख्या पातळ पडद्यावर ठेवतो आणि यंत्राने तो पडदा ताणतो, सोडतो, परत ताणतो. अशी ओढाताण सोसणाऱ्या पुष्कळशा पेशी हाडाच्या वाटेला लागतात. ज्यांना मऊ जागा मिळते आणि कुणी हलवत नाही, त्या चरबीकडे झुकतात. या लाडावलेल्या पेशींचा मला पहिल्यापासून राग आहे. पण आई तर रोज वजन देत होती. मग तिच्याच पेशींना काय धाड भरली होती?

कार्ल्याला घरी आलो. वहिनी चहा ठेवायला आत गेली. आईने खाटेवर पाय लांब केला, बाजूची एक कापडी पिशवी ओढली आणि नडगीवर नीट आडवी ठेवली.

"हे काय?" मी विचारलं.

"वजन."

मला काही कळेना. पिशवी चाचपून पाहिली. आत आमच्याच शेतातला इंद्रायणी तांदूळ होता.

"आधी शेरभर ठिवला," आई म्हणाली. "मग अधोली. आता चार शेराची पायली. थोडं थोडं वाढवा म्हनले हुते ना डॉक्टर?" तिच्या आवाजात शहाण्या पेशंटचा तोरा होता. कोपऱ्यातल्या वॉकरवर परकर वाळत होते.

मला आधी हसू आलं आणि पाठोपाठ इतका संताप आला की ती पिशवी मी उचलून खाली आपटली.

"तांदळानं काय केलं तुझं?" आई म्हणाली.

तांदळाने काही केलं नव्हतं. पायावर वजन द्या म्हणजे पाय टेकवून उभ्या राहा, एवढं सांगायला डॉक्टरांचं काय जात होतं? आणि फोनवर मला तरी वेगळं कुठे विचारायचं सुचलं? आमच्याकडे वजन म्हणजे मापाने घ्यायचं आणि उचलून ठेवायचं. शिवाय मोडलेला पाय भुईला लागू द्यायचा नाही, ही काळजी अख्खं घर घेत होतं. वहिनी तिला मोरीपर्यंत धरून न्यायची आणि आई एका पायावर उड्या मारत जायची. मायेपोटी सगळ्यांनी मिळून ते हाड गादीवर जपून ठेवलं होतं.

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. पिशवीचं त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, वॉकर धरून आजच उभं करा.

मी आईला समजावलं. झोपलेल्या पायावरची पिशवी नुसती कातडी दाबते. वजन उभ्या हाडातून खाली उतरायला हवं आणि पाऊल उचललं की सुटायला हवं. मग आतल्या पेशींना कळतं की इथे हाड लागणार आहे.

"म्हंजी चालायचं," आई म्हणाली. "मग चाला म्हनायचं की. आनि रॉड वाकला तर?"

"नाही वाकत. आत्ताच विचारलं मी."

वेळ निघून गेली होती का, हे मात्र मी विचारलं नव्हतं. माझा धीर झाला नाही.

वहिनीने परकर काढून वॉकर पुढे आणला. आम्ही दोघींनी आईला धरून उभं केलं आणि मी घाबरले. भाताचे भारे डोक्यावर घेऊन बांध ओलांडणारी ही बाई माझ्या हाताला लागतच नव्हती, इतकी ती उतरली होती. त्या हाडाला द्यायला तिच्यात वजन उरलंय कुठे, असं मनात आलं आणि डोळे भरून आले.

आईने वॉकर पकडला. टाच टेकवली, मग चवडा. तिच्या कपाळावर घाम आला.

"पोचलं का गं आत?" तिने विचारलं.

दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसणाऱ्या मला ते सांगता येईना.

"अजून जरा टेक," मी म्हणाले.