किती दिवस, हे आबांनीच विचारलं

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कंबर दुखायला लागली तेव्हा आम्ही सगळ्यांनी ते फौजेतल्या नोकरीवर ढकललं. निवृत्तीनंतर ते कोरेगावजवळच्या आमच्या गावी ऊस करायचे. एका सकाळी गोठ्याकडून येताना त्यांचे पाय लटपटले. चप्पल कधी निसटली, तेही त्यांना कळलं नाही. भावाने गाडी काढली आणि त्यांना सांगलीला, मी राहते तिथे, दवाखान्यात आणलं.

तपासण्यांमधून कळलं की प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात पोचलाय आणि मज्जारज्जूवर दाब आलाय.

डॉक्टरांनी भावाला आणि मला आत बोलावलं. "ऑपरेशन केलं तर पाय वाचू शकतात. पण एवढं मोठं ऑपरेशन करायचं की नुसतं रेडिएशन द्यायचं, हे पुढे किती आयुष्य आहे त्यावर ठरतं."

"आणि ते किती?" भावाने विचारलं.

"लिव्हर, फुप्फुसं स्वच्छ आहेत. पाय अजून थोडे हलतायत. हार्मोनचे उपचार अजून सुरूच व्हायचेत. वर्ष-दोन वर्षं मिळावीत, कदाचित जास्तही. पण हा अंदाज आहे, चुकतोसुद्धा."

"चुकला तर कुठल्या बाजूला?"

"दोन्ही," डॉक्टर म्हणाले.

आबांना यातलं काही सांगायचं नाही, असं आम्ही बाहेर येऊन ठरवलं. वॉर्डात गेल्यावर मी त्यांची चादर सारखी करायला लागले.

"किती दिवस म्हनला?" आबांनी विचारलं.

"पाय सुधारतील म्हणाले."

"त्ये न्हाई इचारलं, पोरी."

मग मी सगळं सांगितलं.

"ऑपरेशन न्हाई केलं तर अंथरुणातच?"

"बहुतेक."

"मग करा. हाय तवर संडासला तरी माझ्या पायानं जाऊ द्या."

ऑपरेशन चालू असताना दार उघडलं की आम्ही दोघं उठून उभे राहायचो. शुद्धीवर आल्यावर आबांनी पायाचा अंगठा हलवला, तेव्हा भाऊ भिंतीकडे तोंड करून रडला.

डॉक्टरांनी सांगितलेली दोन वर्षं होऊन गेलीत. आबा वॉकर घेऊन अंगणात फिरतात, आई मागे मागे असते. रक्ताचा रिपोर्ट यायचा असला की माझं जेवणात लक्ष लागत नाही. परवाचा कॅन्सरचा आकडा थोडा वर सरकलाय. डॉक्टरांनी गोळी बदलली. नवा अंदाज विचारायचं धाडस मला झालं नाही, आणि आबांनीही या वेळी विचारलं नाही.