जाळीवरची टोपली

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरला मागे अंगण आहे. वरच्या मजल्यावरच्या काकूंना फक्त बाल्कनी. त्या बाल्कनीतून त्या आमची बाग करतात. थंडी ओसरू लागली की त्यांचं सुरू. "अच्छा, गुलाब छाटला? चलो, आता माती उकरा. चलो, भेंडी कधी लावताय?" मुलगा-सून ऑफिसला गेले की दिवसभर एकट्या, त्यामुळे एक सूचना संपायच्या आत दुसरी तयार. भाजीवाल्यासाठी दोरीला बांधलेली टोपली त्या आमच्याकडेही सोडतात. तिच्यात धुऊन वाळवलेला चहाचा चोथा असतो, गुलाबांसाठी.

यंदा मला त्या सूचना नकोशा झाल्या. फेब्रुवारीत वाफे तयार झाले, तशी मी अंगणावर हिरवी जाळी ताणून घेतली. इथे ती एप्रिलमध्ये लावतात, झाडांना ऊन लागू नये म्हणून. मी लावली काकू दिसू नयेत म्हणून.

सकाळी वरून आवाज आला, "आत्ताच जाळी?"

मी वाकून वाफ्यातली माती सारखी करत राहिले. मग त्याच म्हणाल्या, "बरं केलंत हो. यंदा ऊन लवकरच तापणार, बिल्कुल."

माझ्या वतीनं कारणही त्यांनीच शोधलं, आणि मी खालून "हो ना काकू" म्हटलं.

तेवढ्यात टोपली आली. जाळीवर टेकली आणि तिथेच अडली. मी हात वर केला. जाळीतून टोपलीचा तळ बोटांना लागत होता, पण टोपली घेता येत नव्हती.

"सावकाश घ्या," वरून काकू म्हणाल्या. "मला काही घाई नाही."