रामहरी आचार्यांचं पाचवं शील

निमगाव केतकीच्या शिवेवरच्या वस्तीत रामहरी लोंढ्यांना नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. बायको छबूबाई 'अवो' म्हणते, मुलगा विशाल 'आबा' म्हणतो आणि बाकीचं सगळं जग 'आचार्य'. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पाटबंधारे खात्यात पाटकरी म्हणून काढली. कालव्याची दारं उघडायची, झाकायची, कुणाची पाळी कधी ते सांगायचं आणि वर लोकांच्या शिव्या खायच्या. नोकरीत असतानाच एका शिबिरात बसून ते विधी शिकले आणि बौद्धाचार्य झाले. बौद्धाचार्य म्हणजे भिक्खू नव्हे. बायकापोरांतलाच माणूस, पण लग्न, बारसं, मयताचं पुण्यानुमोदन यासाठी वस्तीला तोच लागतो. पांढरा सदरा-पायजमा घालून यायचं, बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावायची, त्रिसरण आणि पंचशील द्यायचं. आचार्यांनी एक ओळ म्हणायची, लोकांनी ती मागून म्हणायची. मागून म्हटलं की ते शील त्या माणसानं घेतलं, असा त्याचा अर्थ. शेवटी सगळ्यांनी तीनदा 'साधु' म्हटलं की विधी पुरा.

एवढ्यावर बरेच आचार्य थांबतात. रामहरी थांबत नसत. पाची शीलं झाली की ते खाली सतरंजीवर मांडी घालून बसायचे आणि सांगायला लागायचे. चोरी करू नये म्हणजे नुसतं दुसऱ्याच्या घरात शिरू नये असं नाही, दुसऱ्याच्या पाळीचं पाणी रातोरात फोडू नये हेही त्यात आलं, असं. लोक हसायचे, एकमेकांना कोपरानं ढोसायचे, पण ऐकायचे. लेकरं आयांच्या मांडीवर झोपून जायची आणि बाया म्हणायच्या, आचार्यांचं बोलणं गोड लागतं.

पाटाच्या पाण्यात राजकारण असतं हे त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. धम्मात ते नसेल अशी मात्र त्यांची भाबडी समजूत होती. एवढं आयुष्य बारामती-इंदापुरात काढून माणसाची अशी समजूत राहते कशी, हे मलाही कोडंच आहे. इथं शेजारच्याची म्हैस व्याली तरी ती कुठल्या गटाची हे आधी विचारतात.

त्यांचा भ्रम फिटला तो कोऱ्हाळे बुद्रुकच्या एका लग्नात. नेहमीप्रमाणे ते चौथ्या शीलावर बोलत होते. खोटं बोलू नये. आणि शब्द देऊन न पाळणं हेही खोटंच. आता मांडवात पहिल्या खुर्चीवर बसलेल्या पुढाऱ्यानं मागच्या निवडणुकीत विहारापुढं सभामंडप बांधून देतो असा शब्द दिला होता, हे आचार्यांच्या गावीही नव्हतं. पण मांडवाला ठाऊक होतं. सगळ्या माना एकदम त्या खुर्चीकडं वळल्या. कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं आणि जेवणं उरकायच्या आत आचार्य विरोधी गटाचे ठरले.

महिन्याभरानं माळेगावकडच्या एका वस्तीत बारसं होतं. तिथं दुसऱ्या शीलावर, म्हणजे चोरीवर, बोलले. तिथल्या विरोधी गटाच्या कार्यकर्त्यानं विहाराची उरलेली खडी आपल्या गोठ्याला वापरली होती. खाई त्याला खवखवे. त्यानं आचार्य कोऱ्हाळ्याच्या पुढाऱ्याच्या गटाला विकले गेल्याचं पसरवलं. निळ्या झेंड्याखालचे आपले पुढारी तरी मधे पडतील म्हणावं, तर ते अर्धे इकडं, अर्धे तिकडं, आणि उरलेले दोघांच्या निरोपाची वाट बघत. एका गटाचा शिक्का बसला असता तर निम्म्या वस्त्या तरी उरल्या असत्या. आचार्यांवर दोन्ही शिक्के बसले.

बोलावणी आटली. त्यांच्या जागी इंदापूरचा एक तरुण आचार्य जाऊ लागला. आवाज खणखणीत, विधी झटपट, आणि अर्थबिर्थ सांगायची भानगड नाही. विधी उरकला की माइक सत्काराला मोकळा. लोकांना शाली वाटायला वेळ पुरायला लागला. रामहरींना त्या पोराचा राग आला नाही. राग यायलाही अंगात थोडी ताकद लागते. ते सकाळी उठून विहार झाडायचे, मूर्तीपुढची कालची फुलं काढायचे आणि पायरीवर बसून राहायचे. आपल्या वस्तीचा विहार अजून हातात होता आणि पावसाळ्यातलं वर्षावासाचं ग्रंथवाचन होतं. रोज संध्याकाळी वस्ती जमायची, ते वाचायचे, थांबून सांगायचे. त्या तीन महिन्यांवर ते उरलेलं वर्ष काढायचे.

झेडपीची निवडणूक लागली आणि त्याच सुमाराला गोजरबाई त्यांच्या दारात आली. म्हातारी त्यांच्याहून मोठी, नात्यात नाही, पण ते तिला अक्का म्हणायचे. तिचा मुलगा भीमा जाऊन वर्ष होत आलं होतं. भीमा मागच्या निवडणुकीत प्रचाराच्या गाडीवर होता. दिवसभर घोषणा, दिवस मावळला की ढाबा. निवडणूक संपली, ढाबा संपला, भीमाची तहान काही संपली नाही. शेवटी तो पिवळा पडून गेला.

"भाऊ, वर्साचा कार्यक्रम करायचाय," गोजरबाई म्हणाली. "जेवण साधंच करीन. पण एक काम करा. पाचवं शील नीट सांगा. दारूचं. सगळ्या पोरांना पुढं बसवा आन् त्यांच्याकडनं म्हणवून घ्या. माझ्या भीमाच्या नावानं त्यांनी येवढं एक म्हणावं."

"सांगतो अक्का. त्येच सांगणार हाय."

"इसरू नका."

"आवो, आचार्यच पाचवं शील इसरला तर मग झालंच की."

म्हातारी बऱ्याच दिवसांनी हसली असावी.

आता वस्ती एकत्र जमणार म्हटल्यावर ते उमेदवाराच्या कानावर जाणारच. उमेदवार विजयसिंह, कोऱ्हाळ्याच्या त्या पुढाऱ्याच्याच गटाचा, बागायतदार घरातला, बोलायला लाघवी. त्याचा वस्तीवरचा माणूस म्हणजे आचार्यांचाच विशाल. तोच विहार कमिटीचा सचिव. आपलेच दात, आपलेच ओठ. विशालनं निरोप आणला की साहेब भीमाला श्रद्धांजली वाहायला येणार आहेत. मग तो बापाजवळ पायरीवर बसला आणि बराच वेळ पायातल्या बुटाची नाडी सोडत-बांधत राहिला.

"आबा, त्या दिवशी दारूचं काढू नका."

"का?"

"का म्हंजे? पोरांची सोय रोज ढाब्यावर हाय, आख्ख्या तालुक्याला ठावं हाय. सायबांच्या म्होरं तुमी दारूवर बोलला तर त्यो त्यांच्यावरच टोमणा हुतो."

"मी त्येंचं नाव घेणार न्हाय."

"कोऱ्हाळ्यात तरी कुठं घेतलं हुतं?"

आचार्यांनी पायरीवरचं एक वाळकं फूल उचलून बाजूला टाकलं.

"मी सोता पीत न्हाय, तुमाला म्हायती हाय," विशाल म्हणाला. "मला काय त्ये शील वाईट दिसतंय व्हय? पण कमिटीतली निम्मी पोरं कुरबुर करायल्यात. औंदाचं ग्रंथवाचन इंदापूरच्या आचार्याला द्यायचं म्हणत्यात. मी धरून ठिवलंय. परत काय झालं तर माझ्या हातात ऱ्हानार न्हाय. अर्थ सांगू नका, नुसता विधी करा. आन् पाचवं सोडलं तरी कोण मोजतंय, आबा. चार झाली की साधु म्हणायचं. निवडणूक झाल्यावर मग रोज सांगा की."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रात्रीच्या भाकरीला बसल्यावर त्यांनी छबूबाईला विचारलं, काय करू. छबूबाई तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "पोरगं म्हणतंय त्यात काय खोटं न्हाय. आन् गोजराक्का म्हणत्यात त्यातबी न्हाय." मग तिनं भाकरी उलटली. म्हणजे तिनंही हात वर केले होते.

कार्यक्रमाच्या दिवशी विहारापुढच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या. भीमाचा फोटो टेबलावर, त्याला हार. गोजरबाई धुवट पांढरं लुगडं नेसून अगदी पुढं बसली होती. तिनं खरोखरच एकेका पोराचा हात धरून त्याला पुढं आणून बसवलं होतं. निम्म्यांच्या गळ्यात पक्षाचे पंचे. कालच्या जागरणानं डोळे तांबडे. हात मात्र सगळ्यांचे जोडलेले.

आचार्यांनी मेणबत्ती लावली. त्रिसरण झालं. पहिलं शील, दुसरं, तिसरं. लोक मागून म्हणत होते, पोरांचे आवाजही होते. आचार्यांना वाटलं, म्हणावं. जे व्हायचं ते होऊ दे. इतकी माणसं कधीपासून पुढं बसली नव्हती.

चौथं चालू असताना रस्त्यावरून प्रचाराची गाडी वळली. भोंग्यावर गाणं, मागं दोन गाड्या. विजयसिंह उतरला, चपला काढल्या, हात जोडून अदबीनं एका कडेला उभा राहिला. तेवढी रीत त्याला होती. भोंगा बंद करायला मात्र कुणी सांगितलं नाही. विशाल त्याच्या शेजारी उभा होता. त्यानं बापाकडं पाहिलं. ते धमकीचं पाहणं नव्हतं, ते असतं तर बरं झालं असतं. ते नुसतं काकुळतीचं होतं.

चौथं संपलं. लोक थांबले. पाचवी ओळ आचार्यांच्या जिभेवर होती. इतक्या वर्षांत ती आपोआप बाहेर पडायची, तिला कधी बोलवावं लागलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढं पावसाळ्यातली संध्याकाळ आली. विहारात दुसराच कुणी वाचतोय आणि आपण बाहेर पायरीवर. ते फार दमले होते. दोन्ही हात कपाळाला लावून ते म्हणाले, "साधु."

"साधु, साधु, साधु," सगळी वस्ती म्हणाली. सवयीनं. आचार्य म्हणतील त्याच्या मागून म्हणायचं, हेच तर त्यांनी लोकांना शिकवलं होतं. पुढं बसलेल्या एकाही पोराच्या कपाळावर आठी पडली नाही. आचार्यांना आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्या सुटण्याचीच लाज वाटली.

पुढं सगळं रीतीनं झालं. विजयसिंहनं भीमाच्या फोटोला फुलं वाहिली, तो आमचा हाडाचा कार्यकर्ता होता असं सांगितलं, आचार्यांना शाल घातली. "अशी समजूतदार माणसं समाजाला पायजेत," तो माइकवर म्हणाला. "आपल्या सगळ्या वस्त्यांवर आचार्यांचेच कार्यक्रम लावा. कोऱ्हाळ्याला मी स्वतः सांगतो." टाळ्या पडल्या. विशालचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसला. गाड्या गेल्या, आणि पोरंही त्यांच्या मागोमाग गेली. दिवस मावळायला आला होता.

आचार्य शालीची घडी घालत होते तेव्हा गोजरबाई जवळ आली. फोटो तिनं पदराखाली धरला होता.

"भाऊ, त्या भोंग्यापायी मला पाचवं काय ऐकूच आलं न्हाय. चौथ्यापतुर आलं. तुमी म्हणलासा नव्हं?"

ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती. तिच्या बघण्यात संशय औषधालाही नव्हता. तिनं तो धरला असता तर त्यांना खरं बोलता आलं असतं.

"म्हणलं की, अक्का."

"आन् पोरांनी?"

आचार्यांनी शालीची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"म्हणली. समद्यांनी म्हणली."

गोजरबाईनं डोळे मिटले. पदराखालच्या फोटोवरून हात फिरवला. "मग झालं," ती म्हणाली. "त्येवढ्यासाठीच केलं हुतं समदं. माझंच तेवढं म्हणायचं ऱ्हायलं. बसा जरा, मला येकटीला द्या. मी मागनं म्हणते."

ती तिथंच सतरंजीवर बसली आणि तिनं हात जोडले. आचार्यही तिच्यासमोर बसले. ओळ त्यांना पाठ होती, पण आज पहिल्यांदाच तिला बोलवावं लागत होतं. म्हातारी वाट बघत राहिली.