हात दिसला की फोटो फाटतो

“वाईट वाटून घेऊ नका साहेब, पण तुमच्या घरच्यांचा हात बेल्टवर आला की फोटो फाटायलाय. दुसऱ्या बायांच्या टायमाला न्हाई. आता मी काय समजू?”

बोरीजवळच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंग मिलचे मॅनेजर कदम फोनवर होते. मी पुण्यात, मशीनवर कॅमेरे बसवणाऱ्या कंपनीत सर्व्हिस इंजिनियर. त्यांच्या मिलमधला कॅमेरा मीच बसवलेला. आणि ‘घरचे’ म्हणजे माझी बायको सुरेखा. ती तिथेच बेल्टवर कापूस निवडते. पुण्यात धड खोली मिळाली की तिला आणायचं, असं दोन वर्षं चाललं आहे.

काम असं असतं. बेल्टवरून कापूस जातो, बायका कचरा काढतात. त्यांच्याकडून सुटलेली सुतळी, प्लास्टिक कॅमेरा पकडतो आणि पुढे हवेचा फवारा ते उडवतो. कॅमेऱ्याजवळच्या जागेवर बायका तासातासाने आळीपाळीने उभ्या राहतात; फोटोच्या कडेला त्या बाईचे हात येतात, चेहरा येत नाही. हा फोटो नेटवर्क केबलमधून बारीक तुकड्यांनी कॉम्प्युटरकडे जातो. त्या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. काही पॅकेट हरवले की फोटो फाटतो, आणि मशीन चांगला कापूस उडवून प्लास्टिक पुढे सोडतं.

कदमांनी पाठवलेल्या फोटोंत राखाडी पट्टे होते. मनगट एकीकडे, हिरव्या बांगड्या दुसरीकडे. मला ते बघवेना.

“मोटरची वायर कॅमेऱ्याच्या केबलजवळून गेलीय का?” मी विचारलं.

“गेलीय की.”

मग ती लांब घेतली. केबल बदलली, नेटवर्कचा स्विच बदलला. फरक शून्य. शेवटी मीच गेलो. दोन दिवस सुरेखाला बेल्टवर उभं करून स्क्रीनकडे बघत बसलो. एकही फोटो फाटला नाही.

घरी ज्वारीची भाकरी वाढताना सुरेखा म्हणाली, “तुमी आलात की मशीन सुदिक शहाण्यावानी वागतंय.”

खोटं कशाला बोलू, निघताना पाय उचलत नव्हता. फॉल्ट सापडला नाही याचं मनातून बरंच वाटलं. परत यावं लागणार होतं.

पुण्याला पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी फोटो पुन्हा फाटले. चौथ्या दिवशी सकाळी कदमांचा फोन आला. “साहेब, मी काल तिची वेळच बदलून बघितली. एकच्या ऐवजी साडेचारला लावलं. फॉल्ट बी साडेचारलाच आला! बाई कॅमेऱ्याच्या डब्याला हात लावत असंल. उद्यापासून तिला येऊ नको म्हणणार हाय.”

साडेचार ऐकताच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वेळ बदलणार असल्याचं सुरेखाने मला परवाच फोनवर सांगितलं होतं. म्हणून काल एक वाजता मी मुकाट्याने डबा खाल्ला होता आणि साडेचारला चहा सोडून लॅपटॉपसमोर बसलो होतो.

दुरून मशीन तपासता यावं म्हणून तिथल्या कॉम्प्युटरचा स्क्रीन इथे लॅपटॉपवर दिसेल असा रिमोट आम्ही ठेवतो. मी तो रोज उघडत होतो. तपासायला नाही. मिलमध्ये मोबाइल आत नेऊ देत नाहीत, आणि मला तिची आठवण यायची. फोनवर बोलून भागत नव्हतं. म्हणून रोज तासभर तिचे हात बघत बसायचो. तेवढा वेळ तो बिचारा कॉम्प्युटर मला चित्र पाठवण्यात गुंतायचा आणि कॅमेऱ्याची पॅकेट त्याच्याकडून निसटायची.

“कदमसाहेब, आत्ता बेल्टवर कोण आहे?”

“कांताबाई.”

मी रिमोट उघडला. “आता बघा.”

“आरं! कांताबाईचा हात सुदिक तुटला!”

रिमोट बंद केला. “आता?”

“जोडला!”

“सुरेखाचा काही दोष नाही. मीच इथून बघत होतो.”

“काय बघत व्हता?”

“बायकोला.”

कदम म्हणाले, “लय अवघड हाय साहेब तुमचं. आता रिमोटचा पासवर्ड माझ्याकडं राहील.” सुरेखाचं काम वाचलं.

संध्याकाळी तिचाच फोन आला. कदमांनी सगळी मिल गोळा करून सांगितलं होतं म्हणे. मी बोलणी खायची तयारी ठेवली.

“मला आदी सांगायचं न्हाई का?” ती म्हणाली. “मी आपली खाली मान घालून कापूस निवडायले. एकांदा हात तरी हलवला असता.”

दुसऱ्या दिवशी कदमांनी माझ्या रिपोर्टसाठी नवे फोटो पाठवले. सगळे स्वच्छ. एका फोटोत मात्र हात कापसावर नव्हता. कॅमेऱ्याकडे वर केलेला उघडा तळवा, पाची बोटं, मनगटात सगळ्या बांगड्या जागच्या जागी. हे फोटो कुणाकडे जाणार, ते तिला माहीत होतं.

रिपोर्टमध्ये मी ‘दोष दूर झाला’ एवढंच लिहिलं. फॉल्ट शोधायला लागण्याआधी स्वतःचा लॅपटॉप बंद करून बघावा, असं मी आता ऑफिसात सगळ्यांना सांगतो. खोली मात्र या महिन्यात नक्की बघायची आहे.