चुलीपाशी बांधलेलं करडू

शेवटची धार आम्ही दोघांनी मिळून काढली. रेडकू तिनं धरलं, चरवी मी. "अवो, निम्मं भाईर सांडताय, डोळं कुठं हायती?" म्हणून ओरडली. मी म्हटलं, "तुझ्या तोंडाकडं." तोंड फिरवून हसली. मग मी वडापच्या जीपनं हातकणंगल्याला गेलो, पावण्यांच्या वास्तुशांतीला.

पुण्याच्या लेकानं दिवाळीत घरभर सेन्सर चिकटवले होते. स्वयंपाकघरात दोन तास कुणी हललं नाही की त्याचा मोबाईल बोंबलायचा. पण आमची ही दिवसभर घरामागच्या गोठ्यात. तिथं सेन्सर नाही. शेणानं खराब होईल म्हणाला. मग मिटिंग सोडून आईला फोन, "कुठं आहेस?" दोनदा तिच्यावर वैतागला. लेकाला त्रास नको म्हणून हिनं शेळीचं करडूच चुलीपाशी बांधायला सुरुवात केली. ते दिवसभर उड्या मारायचं, लेकाला वाटायचं आई हिंडतीय. मी पोट धरून हसलो. त्याला सांगितलं नाही. तिथंच माती खाल्ली.

त्या दिवशी दहाला पावण्यांच्या घरनं तिला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. मग लेकाला लावला.

"आबा, आई स्वयंपाकघरात आहे. हिरवं दिसतंय."

"नीट बघितलंस न्हवं?"

"अहो, आत्ताच हललीय."

आणि मी बिनडोक म्हातारा जाऊन पंगतीला बसलो. करडू डोक्यात आलंच नाही. शेजारणीला एक फोन करायचा, तोही केला नाही.

तीनला घरी आलो. ती गोठ्यात पडलेली, अंग गार. म्हैस हंबरत होती. डॉक्टर म्हणाला, बराच वेळ जीव होता, लवकर आणायला पाहिजे होतं.

संध्याकाळी लेक आला. चुलीपाशी बांधलेलं करडू बघितलं. रडला. आणि तिरडी उचलायच्या आधी म्हणतो, "आईनं असं करायला नको होतं." चार माणसं होती म्हणून हात आवरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. "आबा, तुम्ही आता एकटे. गोठ्यातही एक बसवू. जनावर कुठलं, माणूस कुठलं, ते ओळखणारं नवीन आलंय."

टाळकं सटकलं. दंडाला धरून त्याला गोठ्यात नेलं, ती पडली होती तिथंच बसवलं.

"दहा ते तीन बस हितं. हलायचं न्हाय."

"आबा, लोक बघतायत."

"बघू देत की. काल कुणी बघितलं न्हाय."

मग मीही त्याच्या शेजारी शेणात बसलो. तीन वाजेपर्यंत.