काकूच्या नकाशावरचं वादळ

बाळांनो, तुमच्या शहराकडे चक्रीवादळ वळल्याचं काल फोनवर कळलं, म्हणून हे लिहिते आहे. काही वर्षांपूर्वी मुखेडला आपलं सोयाबीन कापून रानात पसरलं होतं. पुढच्या पेरणीचं बियाणंही त्यातच होतं, आणि भिजलेलं बियाणं नीट उगवत नाही. ऊन लख्ख होतं, वाळल्या शेंगांचा धुळकट वास घरापर्यंत येत होता. भूगोल शिकवणारी तुमची काकू जगातल्या सगळ्या समुद्रांवरची वादळं रोज सकाळी कोऱ्या नकाशावर टिंबं देऊन टिपायची. त्या दिवशी ती नकाशा घेऊनच सासऱ्यांपुढे, म्हणजे तुमच्या आजोबांपुढे उभी राहिली. “मामा, उपसागरातलं वादळ आंध्राच्या किनाऱ्याकडं वळलंय. आजच ढीग लावा.” आजोबा हसले. “समुद्र कुठं, मुखेड कुठं! तुझ्या टिंबाला आपल्या रानाची वाट ठावं हाय का?” “त्याला नसंल, मला हाय. परवा लई पाऊस येतोय बघा.” एवढं बोलून तिने पदर खोचला आणि रानाची वाट धरली. आजोबा कुरकुरत मागून गेले, आणि दिवस मावळेपर्यंत आम्ही सगळ्यांनी ढीग लावून त्यावर ताडपत्री बांधली. तिसऱ्या दिवशी रानाचं तळं झालं, पण ढीग कोरडा राहिला. एरवी कौतुकाचा शब्द न काढणारे आजोबा पुढे रोज चहाबरोबर विचारायचे, “पोरी, आज टिंब कुठं हाय?” त्या ढिगातल्या बियाण्यापासून धरलेलं सोयाबीन आपण आजही पेरतो.