केदारखेड्याचं गाळलेलं पान

बदनापूर स्टेशनावर उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजत आले होते आणि गुरुजी समोर आले तर पहिलं वाक्य काय बोलायचं, हे माझं अजून ठरत नव्हतं. पुण्याहून निघाल्यापासून, मनमाडला गाडी बदलतानासुद्धा, मी तेच वाक्य जुळवत होते.

सोनाजी गुरुजी बदनापूरला शिक्षक. मूळचे केदारखेड्याच्या बौद्ध वस्तीतले. मोगलाईतलं (निजामाच्या राजवटीतलं) आपलं बालपण ते लिहून काढत होते. पुण्यातल्या एका लहान त्रैमासिकाचं संपादन मी पाहत असे. त्यांचं पहिलं प्रकरण आम्ही छापलं आणि एरवी आमच्या अंकाकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या लेखकांची पत्रं आली. त्या प्रकरणात गुरुजींची आई पाटलांच्या विहिरीपासून लांब, कुणी पाणी वाढेल म्हणून ताटकळत उभी असते आणि पाटलांचा गडी तिची घागर फोडतो. तिथे प्रकरण संपतं.

खरं तर ते तिथे संपत नव्हतं. पुढे एक पान होतं. त्याच दुपारी पाटलांची नवी सून, गयाबाई, भरलेली कळशी घेऊन गुरुजींच्या झोपडीशी आली होती. ते पान मी काढलं. अंकात जागा कमी होती हे खरं; पण फुटलेल्या घागरीचा शेवट मला अधिक टोकदार वाटला, हे त्याहून खरं. गुरुजींना विचारलं नाही. अंक गेल्यावर त्यांचं कार्ड आलं, 'माझं शेवटचं पान कुठे आहे?' मी तीन पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही.

गुरुजींच्या खोलीला कुलूप होतं. शेजारी घरमालक बाजेवर बसले होते.

"गुरुजी गावाकडं गेले बाई. पंधरा दिवस झाले."

"सुट्टी लागली का?"

"न्हाई. गावाकडून दोघं जण आल्ते. काय बोलणं झालं ते बिलकुल कळलं न्हाई. गुरुजी जल्दी जल्दी निघाले. अंथरूण बी गुंडाळलं न्हाई."

मी पाणी मागितलं. त्यांनी तांब्या दिला. मी तो उभ्यानंच रिकामा केला.

तिथून जालन्याला आले आणि भोकरदनची एस.टी. पकडली. स्टँडवर भाकरी आणि झुणका घेतला होता, पण दोन घासांपुढे गेला नाही. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. रस्त्याकडेला तेव्हा दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीचे ढीग अजून तसेच पडलेले, पलीकडे काळी, नांगरलेली रानं. शेजारच्या बाईंनी मला मूठभर शेंगा दिल्या.

"केदारखेड्याला कुणाकडं जाऊन राह्यल्या?"

"सोनाजी गुरुजींकडे."

"पाटलाचं लिवलं ते?"

मी हो म्हटलं. त्या 'बरं' म्हणाल्या आणि मग राजूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिल्या. त्या एका शब्दातून मी काय काय अर्थ काढले, ते इथे लिहीत नाही. राजूरच्या पुढे टायर बसलं. ड्रायव्हर म्हणाला, तासभर तरी लागेल. मला थांबवेना. एका बैलगाडीवाल्यानं गावापर्यंत आणून सोडलं.

वस्तीत गुरुजींचं घर लगेच सापडलं. त्यांच्या पत्नी, सुभद्राबाई, दारात तीळ निवडत होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजे पुण्याच्या बाई तुम्ही." आवाजात राग नव्हता, पण आत या असंही त्या म्हणाल्या नाहीत. "ते पाटलाच्या घरी गेलेत. रोज बोलावणं येतं."

रोज बोलावणं. मी त्या घराच्या दिशेनं चालू लागले. वाटेत दोनदा वाटलं की परत फिरावं.

पाटलांच्या ओसरीवर खाटेवर एक वृद्ध बाई उशीला टेकून बसल्या होत्या. खाली सतरंजीवर गुरुजी, मांडीवर वही. खांबाशी एक पन्नाशीचे गृहस्थ उभे होते. ते त्या बाईंचे पुतणे, दत्तराव. गुरुजींनी मला ओळखलं, कारण मी पत्रासोबत अंक पाठवला होता आणि त्यात माझा फोटो होता.

"पान आणलं का?" त्यांनी विचारलं.

जुळवलेलं वाक्य मला आठवलंच नाही. "नाही," मी म्हणाले. "छापखान्यात रद्दीत गेलं. जागेसाठी नाही काढलं, गुरुजी. मला शेवट तसा हवा होता. चूक माझी आहे."

त्यांनी वहीचं कोरं पान उलटलं. मग म्हणाले, "माझ्याकडं नक्कल न्हाई. म्हणून रोज येतो. या गयाबाईंनीच बोलावून घेतलं, पण यांची तब्येत बरी न्हाई; रोज थोडंच बोलणं होतं, कळशीपर्यंत अजून आलो न्हाई."

गयाबाईंनी मला जवळ बसायला सांगितलं. "पुतण्यानं सगळं वाचून दाखवलं," त्या म्हणाल्या. "घागर फुटली, बस. मंग मी गेल्तेच न्हाई का? मला सपान पडल्तं का?"

मी पिशवीतून कागद काढले आणि म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहून घेते.

त्या थांबत थांबत बोलल्या. उन्हात कळशी घेऊन निघाल्या, कुणी पाहील म्हणून बांधाआडून गेल्या. गुरुजींची आई दारात होती. तिनं कळशीला हात लावला नाही. म्हणाली, "माय, तू परत जा. कुणी बघितलं तर तुला मारतील, अन् आम्हाला बी." गयाबाईंनी हट्ट केला, तेव्हा तिनं पोराला ओंजळ धरायला लावली, गयाबाईंनी वरून ओतलेलं त्याला पाजलं आणि उरलेलं तसंच परत पाठवलं. ती स्वतः प्यायली नाही.

गुरुजींची पेन्सिल थांबली. "मला एवढंच ध्यानात होतं की पाणी थंड होतं," ते म्हणाले. "आई पिली न्हाई, हे मी लिहिलं नव्हतं. मला ठाऊकच नव्हतं."

मग गयाबाई म्हणाल्या, "घरी येऊन मी अंघोळ केली. कुणी सांगितलं न्हाई, आपली आपण केली. ते बी लिवा."

"काकू, ते कशाला?" दत्तराव पुढे झाले. "अन् नाव तर बिलकुल नको. पुन्हा गावात चर्चा."

"नाव नसलं तर मी गेल्ते हे कळन कसं? अन् गेल्ते ते लिवायचं, तर अंघोळ बी लिवायची."

दत्तरावांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी मला म्हणाले, "लिहा. बराबर त्या बोलल्या तसं."

त्या संध्याकाळी मी गुरुजींकडे जेवले. सुभद्राबाईंनी न विचारता दुसरी भाकरी वाढली. निघताना गुरुजी एवढंच म्हणाले, "पुढचं प्रकरण देईन की न्हाई, ते अंक बघून सांगतो."

परतीच्या गाडीत औरंगाबाद मागे पडल्यावर मी कागद पुन्हा काढले. वाचता वाचता माझा हात त्या अंघोळीच्या ओळीशी थांबला. ती नसती तर प्रसंग किती स्वच्छ झाला असता! गयाबाई थोर दिसल्या असत्या आणि वाचणाऱ्याला बरं वाटलं असतं. पेन उघडंच होतं. म्हणजे मी पुन्हा तेच करायला निघाले होते. मी पेन बंद केलं.

पुण्यात पोचल्यावर घरी न जाता आधी छापखान्यात गेले. मी कागद दिले आणि जुळारी अक्षरांचे खिळे जुळवू लागला. अंघोळीची ओळ लागेपर्यंत मी त्याच्या शेजारी उभी राहिले, आणि तिच्यानंतरची लागेपर्यंतही.